आधी एफ-वन, मग चहा

सकाळी साडेसातला फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "मॅडम, उठंना झालाय."

कोण उठेना झालाय हे मला विचारावं लागत नाही. शिवाजी पेठेत माझं एका शटरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि पंचवीसेक वर्षं मी हेच वाक्य ऐकत आले आहे.

"पडद्यावर काय लिहून येतंय?"

"इंग्लिशमधी कायतरी येतंय."

"ते वाचून दाखवा."

"काळ्यावर पांढरं हाय."

"रंग नको, अक्षरं वाचा."

"थांबा हां, चष्मा आणतो." मग चष्म्याची शोधाशोध. मग, "गेलं की वं मॅडम! बंद केला म्या. म्हटलं परत लावून बघूया."

ह्या 'परत लावून बघूया'ने माझं निम्मं आयुष्य खाल्लं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'व्यवसायातल्या गमतीजमती' लिहायला सांगितल्या तेव्हा मी म्हटलं, गमती तुम्हाला असतील, मला नुसता वैताग आहे, चालेल का? ते म्हणाले, चालेल. तेव्हा ऐका.

जुना कॉम्प्युटर सुरू होताना लगेच कामाला लागत नाही. आधी स्वतःचे हातपाय हलवून बघतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, घड्याळ चालतंय का, सगळं साठवून ठेवणारी हार्ड डिस्क जागेवर आहे का. सगळं ठीक असलं की एकदा 'पी' करतो आणि पुढे जातो. ठीक नसलं की तिथेच थांबतो आणि काय बिघडलंय ते पडद्यावर लिहितो. चार शब्दांत, स्वच्छ लिहितो. माणसांपेक्षा किती तरी सरळ. पण ते वाचायचं नाही अशी आपल्याकडे शपथ घेतलेली असते. लोक बटण दाबतात, परत दाबतात, वरून थापट्या मारतात, आणि मग मला फोन करतात.

कारणं तरी काय असतात! पेन ड्राइव्ह तसाच खोचून ठेवलेला आणि यंत्र बिचारं त्यातच विंडोज शोधत बसलेलं. मेमरीच्या पट्टीवर धूळ. तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने घासली की काम झालं. माझ्या बॅगेत कायम दोन खोडरबर असतात, त्यावर लोक हसतात. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी तर मी दुकान आठलाच उघडते. आदल्या दिवशी घरोघरी कॉम्प्युटरची पूजा झालेली असते, कीबोर्डवर हळद-कुंकू, वर पाण्याचा शिंतोडा, आणि दोन कळा चिकटून बसलेल्या. सुरू केला की तो एकसारखा पी-पी करत बोंबलतो. "देवाचं केलं आणि असं कसं झालं?" असं मलाच विचारतात. पूजा बाहेरच्या डब्याची करा, कळांची नको, असं मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुंकू झटकते.

त्यात मी बाई. बॅग घेऊन दारात उभी राहिले की माझ्या खांद्यावरून मागे बघतात. "साहेब गाडी लावायलेत काय?" साहेब नाहीत, मीच आहे, असं सांगून स्क्रू काढायला बसावं लागतं. आता केस पिकल्यावर हे जरा कमी झालंय.

पण सगळ्यात जास्त संताप मला आणला तो एका सेलने. बोर्डावर रुपयाएवढा गोल सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ ह्या सेलवर चालतं. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही घरोघरची शिस्त. वीज पडेल, बिल येईल, उंदीर वायर कुरतडेल. त्यामुळे सगळा भार त्या एवढ्याशा सेलवर पडतो आणि तो लवकर मरतो. मेला की बटण बंद केल्याबरोबर कॉम्प्युटर काळवेळ विसरतो. सकाळी उठतो तो कुठल्यातरी जुन्या सालातल्या एक जानेवारीला. तसं तो प्रामाणिकपणे लिहितो, शिट्टी मारतो, आणि म्हणतो, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. लोक दाबतात. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं दाबतात. सेल दोन चहांच्या किमतीत मिळतो, बसवायला मिनिट लागत नाही. "चालतंय की मॅडम, एफ-वनवर चालतंय!" ह्या चालतंय-कीवर मी इतकी भांडले आहे की गल्लीत मला काहीजण सेलवाल्या मॅडम म्हणतात.

ही बाई स्वतः काय करून बसली ते पुढे सांगते. त्याआधी तात्यांचं सांगायला हवं.

तात्या म्हणजे आमच्याच पेठेतले दूध डेअरीवाले. मुलीसाठी घेतलेला त्यांचा कॉम्प्युटर मी मेमरी बदलून दिला. तासाभराने तात्या दुकानात हजर.

"मॅडम, जुना पार्ट कुठाय?"

"टाकला. तो मेला होता, तात्या."

"मेला का मारला? चांगला काढून घेतलासा आणि हलका बसवलासा, आमाला काय कळतंय? आणि डब्याला आठ स्क्रू हुते, सात हाईत."

भर गल्लीत, मोठ्या आवाजात. आठवा स्क्रू मुळातच नव्हता. मी कचऱ्याच्या डब्यातून ती पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती घेऊन ते अख्ख्या पेठेत फिरले, आणि शेवटी दुसऱ्याच दुकानदाराने त्यांना ती मेलेलीच असल्याचं सांगितलं. माफी वगैरे कोल्हापुरात कोण मागतं? दुसऱ्या दिवशी लिटरभर दूध पाठवलं. मी मात्र त्या दिवशी पाटी लावली: 'जुना पार्ट परत मिळेल.' तेव्हापासून मेलेला पंखा असो की जळलेला बोर्ड, पिशवीत घालून, वर नाव लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देते. लोक तो भंगार माळ्यावर ठेवतात. इतका अविश्वास! ती पाटी बघितली की माझं डोकं उठायचं.

आता सिस्टरचं.

कोडोलीत कांबळे गुरुजी आणि त्यांची बायको राहायची. ती सरकारी नर्स होती, निवृत्त झालेली. पंचक्रोशीतल्या कितीतरी पोरांना तिने जगात आणलं होतं, म्हणून सगळा गाव तिला सिस्टर म्हणायचा, आणि गावाबरोबर गुरुजीही. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर मुलगा पुण्याला गेल्यावर मोकळा पडला होता. सिस्टरने त्यावर आपले नर्सिंगमधले अनुभव लिहायला घेतले. जुना मराठी फॉन्ट होता, दुसऱ्या यंत्रावर उघडलं की नुसते किडे-मुंग्या दिसायचे. त्यामुळे तो कॉम्प्युटर टिकवायचा असा तिचा हट्ट होता.

पहिल्यांदा गेले तेव्हा तोच आजार. शिट्टी, एक जानेवारी, एफ-वन. मी नेहमीचं व्याख्यान दिलं आणि बॅग उघडली, तर नेमका सेल नव्हता. "पुढच्या खेपेला आणते, तोवर एफ-वन दाबा," म्हणाले. सिस्टर हसली. तिने कागदाच्या कपट्यावर टपोऱ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं: 'आधी एफ-वन, मग चहा, मग लिहिणे.'

त्यानंतर मी चारदा तरी त्या घरी गेले. कधी माउस, कधी प्रिंटर. दरवेळी सेल विसरले. जगाला शिकवणारी मी. "चालतंय हो मॅडम," असं सिस्टर म्हणायची आणि मला ते बरं वाटायचं.

मग सिस्टर आजारी पडली. पहिली बरीचशी पानं तिने पेन ड्राइव्हवर घालून पेठ वडगावच्या टायपिंगवाल्याकडे तपासायला दिली होती. त्याने चार चुका सुधारून परत पाठवली. ती इकडे घरच्या कॉम्प्युटरवर पुढचं लिहीत राहिली, जमेल तसं, दिवसाला अर्धं पान. आणि एके दिवशी गेली.

दीड महिन्याने गुरुजी रिक्षातून तो कॉम्प्युटर मांडीवर घेऊन दुकानात आले. "उठंना झालाय," म्हणाले. यावेळी पडद्यावर वेगळं लिहून येत होतं: डिस्क सापडत नाही. कान लावला तर आतून टकटक आवाज. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

"तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला पुस्तक वाटायचंय," गुरुजी म्हणाले. "तिचं लिहून पुरं झालंय. शेवटचं पान झालं तवा मला हाक मारून सांगितलं. पण वाचू दिलं न्हाई. म्हणाली, छापल्यावर वाचा."

मी दिवसभर त्या डिस्कशी झटले. तिचा मूड सांभाळत एकेक फाइल नव्या डिस्कवर उतरवली. संध्याकाळी गुरुजींनी पेन ड्राइव्ह पुढे केला, "ह्यातलं पण घाला, वडगावनं तपासून आलेलं हाय." घातला. कॉम्प्युटरने विचारलं, ह्याच नावाची फाइल आधीच आहे, कुठली ठेवू? समोर दोन तारखा होत्या. मी नवी तारीख असलेली ठेवा म्हटलं. रोज पन्नासदा करते तसंच. कॉम्प्युटरबरोबर जुनी डिस्क नियमाप्रमाणे पिशवीत घालून गुरुजींच्या हातात दिली आणि बरं वाटून घरी जाऊन जेवले. सेल त्या धांदलीत पुन्हा राहिलाच.

आठ दिवसांनी गुरुजी छापलेली पानं घेऊन आले. शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं.

"मॅडम, हे 'तर'वर संपतंय."

खरंच. शेवटची ओळ होती: 'रात्रभर आम्ही त्या बाईपाशी बसून होतो. उजाडताना बाळ रडलं. मी दार उघडलं तर'. पुढे कोरं.

आणि मी काय बोलले? आजही लाज वाटते. मी म्हणाले, "त्यांनी सेव्ह केलं नसेल, गुरुजी. आजारपणात होतं असं."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सिस्टर नोंद केल्याबिगर कधी झोपली न्हाई. नोकरीत बी न्हाई आणि नंतर बी न्हाई."

एवढं बोलून ते बाकावर बसले. मी माझ्याकडे राहिलेली प्रत काढली आणि तिची तारीख बघितली. ह्या फाइलवर तारीख वडगावच्या टायपिंगवाल्याची होती. त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर होतं. सिस्टरने त्यानंतर जे जे लिहिलं, त्यावर रोज एक जानेवारी पडत गेली, त्या जुन्या सालातली. कारण सेल मेलेला. तिची ताजी फाइल कॉम्प्युटरच्या लेखी कितीतरी वर्षं जुनी होती. मी 'नवी ठेवा' म्हटलं आणि तिची शेवटची पानं माझ्या हाताने पुसली. नुसता फाइलींचा आकार बघितला असता तरी कळलं असतं. मी न बघता बटण दाबलं. दुसऱ्यांना ज्यासाठी बोलते तेच.

गुरुजींना सगळं सांगितलं. सेलपासून. मधेच त्यांच्याकडे बघवेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता कुठंच न्हाई?"

"त्या जुन्या डिस्कवर असेल. पण ती..." मी थांबले. दुसऱ्या कुणाचं दुकान असतं तर ती कधीच भंगारात गेली असती. "गुरुजी, मी पिशवीत घालून दिलेला जुना पार्ट कुठे आहे?"

"हाय की. टाकवंना झालं. तिचं सगळं लिहिणं त्यातच झालतं."

तात्यांना त्या क्षणी मी मनातल्या मनात हात जोडले.

दुकान बंद केलं, सेलचं पाकीट पहिल्यांदा आठवणीने बॅगेत टाकलं आणि गुरुजींना स्कूटरवर मागे बसवून कोडोली गाठली. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सिस्टरचा फोटो होता आणि फोटोपुढे तिचा जुना स्टीलचा डबा, ज्यात ती इंजेक्शनच्या सुया उकळायची. गुरुजींनी झाकण काढलं. आत डिस्क होती, पिशवीसकट.

ती जोडली. कॉम्प्युटर सुरू केला. शिट्टी झाली, एफ-वन मागितला, मी दाबला. डिस्क टकटक करून गप्प झाली. पुन्हा केलं. पुन्हा गप्प. तोंडाने मी यंत्राला काय काय बोलले ते छापता यायचं नाही. गुरुजी मागे खुर्चीत बसून होते. तिसऱ्या वेळी डिस्क पालथी ठेवली; म्हाताऱ्या डिस्का कधीकधी कूस बदलली की चालतात, त्याला कुठल्याही पुस्तकात आधार नाही. टकटक झाली, थांबली, आणि हळूहळू फिरायला लागली. पडद्यावर एकेक नाव उमटलं. सिस्टरची फाइल होती. तारीख एक जानेवारी. आकार माझ्याकडच्या फाइलीहून मोठा. मी दुसऱ्या कशालाही हात न लावता तेवढी एक फाइल ओढली. निम्म्यावर अडकली, मग सुटली. नंतर ती डिस्क पुन्हा कधीच फिरली नाही.

"आली," मी म्हणाले.

"शेवट हाय का बघा," असं म्हणून गुरुजी उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत न्हाई. छापल्यावर वाचा म्हणालीया."

मी त्या 'तर'पासून शेवटच्या पानापर्यंत गेले. तपासणं माझं काम होतं, म्हणून वाचलं. पुस्तक आता छापून झालंय, तेव्हा सांगायला हरकत नाही. 'मी दार उघडलं तर गुरुजी उभे. कोडोलीहून चालत आलेले, हातात माझा डबा. म्हणाले, शाळेची घंटा व्हायची आहे, तेवढ्यात खाऊन घ्या.' पुढे आणखी पानं होती, आणि अगदी शेवटी: 'माझ्या नोकरीत पुष्कळ दारं माझ्यासमोर बंद झाली. पण दार उघडलं आणि हे नाहीत, असं कधी झालं नाही.' पुढे तारीख टाकलेली होती, हाताने टाइप केलेली, अगदी बरोबर. कॉम्प्युटरच्या तारखेवर तिचा भरवसा नव्हता.

"आहे," मी म्हणाले. "पूर्णविरामासकट आहे."

गुरुजींनी खिडकीकडेच बघत मान हलवली. मी फाइल तीन ठिकाणी ठेवली. एक त्यांच्या पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे, एक मुलाला मेल करून. मग कॉम्प्युटरचा डबा उघडला, तो मेलेला सेल काढला आणि नवा बसवला. घड्याळात आजची तारीख घातली. इतक्या वर्षांचं ऋण फिटल्यासारखं वाटलं. भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. कॉम्प्युटर एकदा नेहमीचं बारीक पी करून, कुठेही न थांबता सरळ वर आला.

गुरुजी स्वयंपाकघराच्या दारात भांडं हातात घेऊन उभे होते.

"शिट्टी वाजली न्हाई?"

"आता वाजणार नाही, गुरुजी. सेल बदलला." आणि सवयीने मी जुना सेल त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो बोटांत धरून उलटसुलट केला. मग म्हणाले, "ती बसली की शिट्टी वाजायची. ती वाजली की मी आत आधण ठेवायचो. हाक मारायला लागायची न्हाई." सेल माझ्यापुढे धरून म्हणाले, "हा परत बसवा."

"अहो गुरुजी, मेलाय तो! तारीख चुकत राहील. त्या तारखेनेच तर एवढं सगळं झालं."

"तारीख कशाला पायजे? आता त्याच्यावर लिहिणारं कोण हाय?"

मी वाद घालायला तोंड उघडलं. सेलवरून माझ्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मग तोंड मिटलं, डबा पुन्हा उघडला, नवा सेल काढला आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातातून घेऊन होता तिथे बसवला.

बटण लावलं. लांब शिट्टी वाजली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. पडद्यावर एक जानेवारी होती. मी कडेची चिठ्ठी वाचली आणि एफ-वन दाबला.